संगणकाची भाषा आणि तलाठ्याची वही

यवतमाळ, पुसद, वणी किंवा उमरखेड यांपैकी कोणत्याही गावी बसस्थानकापासून बाजारापर्यंत चालत गेले तर संगणकाच्या भाषा शिकविणाऱ्या वर्गांच्या दोन-तीन पाट्या तरी नजरेस पडतात. सी, जावा, पायथन अशी नावे पाटीवर रंगविलेली असतात आणि त्यांखाली ‘नोकरीची संधी’ हे शब्द हमखास असतात. कला किंवा वाणिज्य शाखेतील पदवीधर, ज्याच्या घरी पाच-सात एकर कोरडवाहू कापूस आहे, तो या पाटीकडे वळतो, वडिलांनी जमवून दिलेले शुल्क भरतो आणि तीन महिन्यांनी प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो. काय शिकलास, असे त्याला विचारले की तो भाषेचे नाव सांगतो. भाषा शिकणे व्यर्थ आहे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु मराठीचे व्याकरण आलेला प्रत्येक मनुष्य खरेदीखताचा निर्दोष मसुदा लिहू शकतोच असे नाही. भाषा आणि मसुदा यांत जे अंतर आहे तेच आज्ञावली लिहिणे आणि सॉफ्टवेअर अभियांत्रिकी यांत आहे, आणि नेमके तेच अंतर या पाट्यांवर कोठे लिहिलेले नसते.

या जिल्ह्यात तांत्रिक शिक्षणाची सोय नाही अशातला भाग नाही. पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये निघाले. यवतमाळला जवाहरलाल दर्डा यांच्या नावाचे महाविद्यालय १९९६ मध्ये सुरू झाले. २००१ नंतर एम.एस.सी.आय.टी.ने संगणकाची तोंडओळख शिक्षक आणि लिपिक वर्गापर्यंत नेली. प्रश्न आहे तो नवशिक्याने आरंभ कोठून करावा हा. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, संगणकशास्त्राचा नव्हे. तरीही या विषयात पडावेसे वाटते याचे कारण असे की, शासनाचे आर्थिक धोरण आता शेतकऱ्यापर्यंत सॉफ्टवेअरच्या वाटेनेच पोहोचते, आणि ती वाट खचली म्हणजे धोरण कितीही उदार असले तरी वाटेतच थांबते. हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे.

‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हा शब्द रूढ झाला तो ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश या गावी भरलेल्या परिषदेमुळे. नाटो संघटनेच्या विज्ञान समितीने ती बोलाविली होती. यंत्रे वेगाने सुधारत होती, पण त्यांच्यासाठी लिहिलेल्या मोठ्या आज्ञावली वेळेवर पुऱ्या होत नव्हत्या, खर्च अंदाजाबाहेर जात होता आणि पुरे झालेले कामही भरवशाचे ठरत नव्हते. पूल बांधणारा अभियंता ज्या शिस्तीने आधी जमीन तपासतो, भार मोजतो, आराखडा काढतो, ती शिस्त या धंद्यात नाही, हे त्या परिषदेत मान्य झाले आणि तीच शिस्त सुचविण्यासाठी हे नाव हेतुपुरस्सर योजले गेले. पुढे १९७५ मध्ये फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आय.बी.एम.मधील अनुभवावरून दाखवून दिले की, रखडलेल्या कामावर आणखी माणसे नेमली तर ते अधिकच रखडते. १९८१ मध्ये बॅरी बोएम यांनी या विषयाच्या अर्थशास्त्रावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. मागणी समजून घेताना राहिलेली चूक काम चालू झाल्यावर सुधारावयाची तर तिचा खर्च कित्येक पटींनी वाढतो, हे त्यातील एक मुख्य प्रतिपादन. आमच्या शाखेतील लोकांनी तो वाचला नाही, हे मात्र खरे.

आता हे सारे आपल्या परिचयाच्या एका गोष्टीवर घासून पाहू. गेल्या वीस वर्षांत विदर्भातील शेतकऱ्याने तीन मोठ्या कर्जमाफ्या पाहिल्या. २००८ ची केंद्राची, २०१७ ची राज्याची आणि डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर होऊन २०२० मध्ये अमलात आलेली पुन्हा राज्याचीच. राजकारण बाजूला ठेवून या तिन्हींकडे केवळ एक आज्ञावली म्हणून पाहिले तर नवशिक्याला ज्या गोष्टी शिकावयाच्या आहेत त्यांतील बहुतेक येथे सापडतात.

२००८ च्या योजनेत संगणकाचा प्रश्न फारसा आलाच नाही. चूक त्याआधीच, नियमाच्या पहिल्या ओळीत होती. दोन हेक्टर, म्हणजे सुमारे पाच एकर, इतकी जमीन असणाऱ्यास संपूर्ण माफी आणि त्याहून अधिक असणाऱ्यास, त्याने तीन चतुर्थांश रक्कम भरल्यास, पंचवीस टक्के सूट अशी ती विभागणी होती. बागायती प्रदेशात पाच एकर ही एका सधनतेची खूण असू शकते. यवतमाळच्या कोरडवाहू काळ्या किंवा मुरमाड रानात सहा-सात एकरांचा धनी संपन्न ठरत नाही. पावसाने पाठ फिरविली की पाच एकरवाला आणि सात एकरवाला एकाच सावकाराच्या दारात उभे राहतात. नियम लिहिणाऱ्याने ‘लहान शेतकरी’ या शब्दाचा अर्थ येथे येऊन विचारला नव्हता. मे २००८ मध्ये काही जिल्ह्यांतील मोठ्या खातेदारांसाठी पंचवीस टक्के किंवा वीस हजार रुपये यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती सूट, असे ठिगळ नंतर लावावे लागले. अभियांत्रिकीच्या परिभाषेत याला गरजांचे विश्लेषण फसणे म्हणतात. अशा नियमावरून जगातील उत्तमातील उत्तम आज्ञावलीकाराने निर्दोष आज्ञावली लिहिली असती, तरी ती अन्यायच अचूकपणे करीत राहिली असती.

२०१७ ची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. त्या वर्षी २४ जून रोजी चौतीस हजार कोटींहून अधिक रकमेची योजना जाहीर झाली. एका कुटुंबास दीड लाख रुपयांपर्यंतची थकबाकी माफ, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अठरा वर्षांखालील अपत्ये. वाचताना हे वाक्य सरळ वाटते. आता त्याची आज्ञावली करावयास बसा.

समजा, दारव्हा तालुक्यातील एका दांपत्यापैकी पतीच्या नावे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत नव्वद हजारांची थकबाकी आहे आणि पत्नीच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत ऐंशी हजारांची. बेरीज एक लाख सत्तर हजार. मर्यादेवरचे वीस हजार त्यांनी आधी भरावयाचे, पण कोणत्या बँकेत? सहकारी बँकेला राष्ट्रीयीकृत बँकेची खतावणी दिसत नाही. मग हे दोघे एक कुटुंब आहेत हे कोण सांगणार? मुलगा अठरा वर्षांचा झाला की नाही ते कोणत्या तारखेला मोजावयाचे, कर्ज घेतले त्या दिवशी, थकले त्या दिवशी, की अर्ज भरला त्या दिवशी? त्याच घरात राहणारी विधवा आई हे स्वतंत्र कुटुंब की याच कुटुंबाचा भाग? सातबारावर तीन भावांची नावे सामायिक असतील आणि कर्ज थोरल्याच्या नावे असेल तर काय? कार्यालयात बसलेला अनुभवी अव्वल कारकून अशा प्रत्येक प्रकरणात आपली अक्कल वापरून काही मार्ग काढतो. यंत्राला अक्कल नसते. त्याला प्रत्येक उत्तर आधीच सांगून ठेवावे लागते, आणि जे सांगितले नाही तेथे ते एक तर थांबते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, न थांबता चुकीचे उत्तर देते. हे प्रश्न आज्ञावली लिहिण्याच्या आधी कागदावर उतरविणे हाच या शास्त्राचा पहिला पाठ होय.

त्यातच पात्रतेच्या तारखा बदलत गेल्या. आरंभीची एप्रिल २०१२ ही सीमा आधी २००९ पर्यंत आणि पुढे २००१ पर्यंत मागे नेण्यात आली. नियम बदलणे हा शासनाचा अधिकार आहे आणि लोकांच्या मागणीवरून तो बदलला तर त्यात गैर काही नाही. पण ज्या नवशिक्याने ती तारीख आज्ञावलीत वीस ठिकाणी लिहून ठेवली त्याला वीस ठिकाणे शोधावी लागतात, आणि एकोणीसच सापडतात. ज्याने ती एकाच ठिकाणी नोंदवून बाकी सर्वत्र तिचा नुसता उल्लेख केला त्याचे काम पाच मिनिटांचे. उद्या काय बदलेल याचा अंदाज करून ते वेगळे काढून ठेवणे ही या विद्येतील दुसरी मोठी गोष्ट.

पण २०१७ मध्ये खरा घात केला तो माहितीने. बँकांकडून सहासष्ट रकान्यांत माहिती मागविण्यात आली. शेतकऱ्यांनी सेवा केंद्रांवर रांगा लावून, अंगठे लावून अर्ज भरले ते वेगळेच. १८ ऑक्टोबर २०१७ रोजी, ऐन दिवाळीत, समारंभपूर्वक प्रमाणपत्रे वाटली गेली आणि त्यानंतर दोन बाजूंची माहिती एकमेकींशी जुळत नाही हे उघड झाले. एकच आधार क्रमांक अनेक खातेदारांच्या नावापुढे लागलेला आढळला. प्रमाणपत्र हाती आणि खात्यात पैसे नाहीत, अशी अवस्था कित्येकांच्या वाट्यास आली. ‘ग्रीन लिस्ट’ हा इंग्रजी शब्द त्या हिवाळ्यात पारापारावर पोहोचला.

एकच क्रमांक अनेकांच्या नावापुढे कसा लागतो? यात लबाडीच असली पाहिजे असे नाही. एखादा रकाना सक्तीचा केला आणि तो भरल्यावाचून पुढे जाताच येत नाही अशी व्यवस्था केली, तर ज्याच्याजवळ खरी माहिती नाही आणि ज्याच्या डोक्यावर आज सायंकाळची मुदत आहे असा लिपिक त्यात जे चालेल ते भरतो. लिपिक वाचकांना हे अधिक विस्ताराने सांगावयास नको. ‘माहिती उपलब्ध नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिण्याची जागा ज्या नमुन्यात नसते तो नमुना खोटे लिहून घेतो. आणि एकच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर त्याच क्षणी अडवावा, ही साधी तपासणी माहिती घेताना व्हावयास हवी, प्रमाणपत्रे वाटून झाल्यावर नव्हे.

नावांची गोष्ट तर विचारूच नये. आमच्याकडे एकाच तांड्यात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे, आणि वडिलांचे नावही तेच असलेले दोन राठोड सहज सापडतात. सातबारा मराठीत, बँकेची खतावणी इंग्रजीत; ‘आत्राम’ इंग्रजीत लिहिताना एक लिपिक एक अक्षर दोनदा घालतो, दुसरा एकदाच. माणसाला हे दोघे एकच हे कळते, यंत्राला ते दोन भिन्न इसम वाटतात. नाव ही ओळख पटविण्याची खूण आहे, ओळखीचा क्रमांक नव्हे, हे नवशिक्याने पहिल्या महिन्यातच शिकले पाहिजे.

आकड्यांचेही तसेच. जुन्या कागदात जमीन एकर-गुंठ्यांत असे. आजच्या सातबारावर ती हेक्टर-आरमध्ये असते. ‘१.२०’ हा आकडा एकर-गुंठ्यांत वाचला तर एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर, कारण चाळीस गुंठ्यांचा एकर. तोच हेक्टर-आरमध्ये वाचला तर जवळजवळ तीन एकर. आकडा एकच, जमीन दुप्पट! हे हास्यास्पद वाटत असेल तर सांगावयास हवे की, सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेचे मंगळाकडे पाठविलेले एक यान नेमके याच कारणाने नष्ट झाले. एका आज्ञावलीने उत्तर पौंडांच्या मापात दिले आणि दुसऱ्या आज्ञावलीने ते न्यूटनच्या मापात आहे असे गृहीत धरले. तेथे शास्त्रज्ञांची वाण नव्हती. आकड्याबरोबर त्याचे माप लिहून ठेवण्याची आणि दोन्ही बाजू एकत्र तपासण्याची शिस्त तेवढी सुटली.

२०२० मध्ये महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाची योजना अमलात आणताना काही गोष्टी निराळ्या झाल्या, आणि त्यांची नोंद घेणे न्यायाचे होईल. दीर्घ अर्ज नव्हता. कुटुंबाची अट काढून वैयक्तिक खातेदार हाच घटक धरला. बँकांच्या याद्या आधी तयार झाल्या, त्या गावात लावल्या गेल्या, आणि शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन आधारने ओळख पटवून ‘ही रक्कम मान्य आहे’ किंवा ‘अमान्य आहे’ एवढेच सांगावयाचे होते. अमान्य असल्यास प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जाई. मुख्य म्हणजे, २४ फेब्रुवारी २०२० रोजी निघालेली पहिली यादी अवघ्या ६८ गावांतील पंधरा हजारांवर खात्यांची होती. सर्वसाधारणपणे जिल्ह्यामागे दोन गावे. तेथे काय अडते ते पाहून मग लाखोंची यादी निघाली. आधी वाफ्यात रोप लावून पाहावे आणि मग रान पेरावे, असा हा प्रकार. कोणत्याही अनुभवी अभियंत्याने हेच सुचविले असते.

मात्र कुटुंबाची अट काढल्याने नियम सोपा झाला तसा तो महागही झाला. ज्या घरात तीन खाती त्या घरास तीन वेळा लाभ. शिवाय थकबाकी दोन लाखांहून एक रुपया जरी जास्त असली तरी खातेदार अपात्र, ही कडेलोटाची रेषा होतीच. दोन लाखवाल्याची पाटी कोरी आणि दोन लाख एक रुपयावाल्याच्या हाती काहीच नाही. यंत्राने हे अगदी बरोबर केले. चांगला आज्ञावलीकार असता तर त्याने ही रेषा पाहताच नियम करणाऱ्याला विचारले असते, ‘साहेब, आपल्याला खरोखर हेच म्हणावयाचे आहे काय?’ हा प्रश्न विचारणे त्याच्या कामाचा भाग आहे, उद्धटपणाचा नव्हे. दोन लाख, दोन लाख एक, शून्य, आणि आजच अठरा पूर्ण झालेला मुलगा, अशी कडेवरची उदाहरणे आधी मांडून त्यांची अपेक्षित उत्तरे लिहून ठेवावयाची आणि मग आज्ञावली तीच उत्तरे देते की नाही ते पाहावयाचे, याला चाचणी म्हणतात. मधल्या सोप्या उदाहरणांनी काहीच सिद्ध होत नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास तेरीज जुळली म्हणून हिशेब बरोबर असतोच असे नाही हे ठाऊक असते. त्याला ही गोष्ट समजावयास जड जाऊ नये.

किंबहुना नवशिक्याला परकी वाटणारी ही विद्या आपल्या गावच्या दप्तरात फार पूर्वीपासून नांदत आहे. तलाठ्याचे दप्तर पाहा. (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचे, पण लोक तलाठीच म्हणतात.) सातबारा हा केवळ आजचा निष्कर्ष. तो कसा झाला हे गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही सांगते. तेथे जुनी नोंद खोडून टाकीत नाहीत. नव्या क्रमांकाने नवी नोंद होते, तारीख आणि कारण लिहिले जाते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. ज्या तलाठ्याने नोंद घेतली तो ती स्वतः प्रमाणित करू शकत नाही; ते काम मंडळ अधिकाऱ्याचे. आज जगभर आज्ञावलीकार जे ‘गिट’ नावाचे साधन वापरतात, जे लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केले, त्याचा गाभा हाच आहे. प्रत्येक बदल क्रमाने जपणे, कोणी व का केला ते लिहिणे आणि दुसऱ्या व्यक्तीने पाहिल्यावाचून तो मूळ कामात न मिसळणे. फेरफार नोंदवही समजलेल्या विद्यार्थ्यास गिट शिकविणे एका दुपारचे काम आहे. दुर्दैवाने त्याला गिटच्या आज्ञा पाठ करावयास सांगतात आणि नोंदवही कोणी दाखवीत नाही.

अलीकडे एक नवा प्रश्न पुढे आला आहे. साध्या वाक्यात मागणी सांगितली की कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र स्वतःच आज्ञावली लिहून देते. मग शिकावयाचे कशाला? अर्थशास्त्राचे सामान्य उत्तर असे की, एखादी वस्तू स्वस्त झाली म्हणजे तिच्याबरोबर लागणाऱ्या दुसऱ्या वस्तूचे मोल वाढते. भाषेचे व्याकरण स्वस्त झाले. मागणी नेमकी काय आहे हे ठरविणे, कडेची उदाहरणे शोधणे आणि आलेले उत्तर तपासणे महाग झाले. कुटुंब म्हणजे काय हे ज्याने विचारले नाही त्याला यंत्र काही क्षणांत आज्ञावली देईल, आणि ती चुकीच्या कुटुंबाची असेल. केवळ भाषेच्या प्रमाणपत्रावर कुटुंबाचे पैसे लावणाऱ्या पालकांनी तरी हे ध्यानात घ्यावे.

इंग्रजीची भीती हा आमच्या विद्यार्थ्यांचा मोठा अडथळा असतो. तो खोटा नाही, पण वाटतो तेवढा उंचही नाही. मुंबईच्या आय.आय.टी.ने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमातून मराठी निवेदनाचे पाठ विनामूल्य उपलब्ध केले आहेत. ज्याच्याजवळ एक जुना संगणक आहे त्याला आरंभ करावयास तेवढे पुरते. शिवाय वर सांगितलेला बहुतेक भाग, म्हणजे प्रश्नांची यादी, शब्दांच्या व्याख्या, कडेची उदाहरणे, हा मराठीतच लिहावयाचा असतो, कारण ज्याच्यासाठी काम करावयाचे तो मनुष्य मराठीतच बोलतो.

या दृष्टीने महाविद्यालयांना एक गोष्ट सहज करता येण्यासारखी आहे. अभियांत्रिकीच असे नव्हे, कला-वाणिज्य महाविद्यालयांतही जे विद्यार्थी स्वेच्छेने हे शिकत आहेत त्यांना तिघा-चौघांच्या गटाने एकेक लहान काम द्यावे. ग्रंथालयातील देवघेवीची नोंद, वसतिगृहाच्या खानावळीचा हिशेब, शिष्यवृत्तीच्या अर्जांत कोणता कागद कमी आहे त्याची यादी, असे काहीही चालेल. मात्र ते वापरणारा मनुष्य विद्यार्थ्याहून वेगळा असला पाहिजे. पहिले तीन आठवडे संगणकाला हात लावू नये. ग्रंथपालाशी किंवा लिपिकाशी बोलून त्यांच्या कामाच्या व्याख्या आणि अपवाद वहीत लिहून काढावेत. मग आज्ञावली, मग चाचणी, आणि नंतर ती एक पूर्ण सत्र चालवून दाखवावी; मध्येच ग्रंथपालांनी दंडाचा नियम बदलावा आणि गटातील ज्या विद्यार्थ्याने मूळ भाग लिहिलेला नाही त्यानेच तो बदल करून द्यावा. प्रकल्पाच्या गुणांपैकी निम्मे गुण प्राध्यापकांनी नव्हे तर ते काम रोज वापरणाऱ्या ग्रंथपालांनी किंवा लिपिकाने द्यावेत.